विल्यम लॅम्बटन : फिरत्या पृथ्वीचा आकार मोजणारा माणूस

भारताच्या शास्त्रीय भूमापनाचा इतिहास सांगताना जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव प्रथम घेतले जाते. जगातील सर्वोच्च शिखराला त्यांचे नाव मिळाल्याने ते घरोघरी पोहोचले. परंतु ज्या कार्याचा शेवट एव्हरेस्ट यांनी केला, त्याचा आरंभ बेंगळुरूजवळच्या एका माळावर १८०० मध्ये झाला होता आणि तो करणारे गृहस्थ होते लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन. आकाशातील ताऱ्यांवर नजर ठेवून जमिनीचे माप घेणाऱ्या या सैनिकाने आयुष्याची शेवटची तेवीस वर्षे एका प्रश्नाला वाहिली. स्वतःभोवती फिरणाऱ्या या पृथ्वीचा नेमका आकार कोणता, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधत दक्षिण भारत पालथा घालणाऱ्या लॅम्बटन यांचा अंत महाराष्ट्राच्या भूमीवर, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला.

परिवलन आणि आकार

लॅम्बटन यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १६७२ मध्ये ज्यां रिशे हे फ्रेंच खगोलवेत्ते दक्षिण अमेरिकेतील केएन येथे गेले. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्यांचे लंबकाचे घड्याळ विषुववृत्ताजवळच्या त्या गावी दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. तेथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते, असा त्याचा अर्थ होता.

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये त्याची कारणमीमांसा केली. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने विषुववृत्तावरील पदार्थ बाहेरच्या दिशेने फेकला जाऊ पाहतो. त्यामुळे पृथ्वी मध्यभागी फुगीर आणि ध्रुवांजवळ चपटी असली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. फ्रान्समधील कॅसिनी घराण्यातील खगोलवेत्त्यांना मात्र आपल्या मोजणीवरून पृथ्वी ध्रुवांकडे लांबट असल्याचे वाटत होते. हा वाद मिटवण्यासाठी फ्रेंच अकादमीने १७३५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पेरू प्रांतात आणि १७३६ मध्ये उत्तर युरोपातील लॅपलंड भागात मोहिमा पाठवल्या. त्यांच्या मोजमापांनी न्यूटन यांचा पक्ष खरा ठरला.

पृथ्वी चपटी आहे हे सिद्ध झाले, पण ती किती चपटी आहे याविषयी एकमत होईना. त्यासाठी वेगवेगळ्या अक्षांशांवर एका अंशाची जमिनीवरील लांबी मोजणे आवश्यक होते. आजच्या मोजमापानुसार ही लांबी विषुववृत्तापाशी सुमारे ११०.६ किलोमीटर, तर ध्रुवाजवळ सुमारे १११.७ किलोमीटर भरते. सारा निवाडा या सुमारे एक किलोमीटरच्या फरकावर अवलंबून होता. युरोपच्या अक्षांशांत अशा मोजण्या झाल्या होत्या. विषुववृत्ताच्या जवळचा, लांब पल्ल्याचा आणि भरवशाचा चाप मात्र फारसा कुणी मोजला नव्हता. दक्षिण भारताच्या भूगोलात लॅम्बटन यांना नेमकी हीच संधी दिसली.

शेतकऱ्याच्या घरातून लष्करात

लॅम्बटन यांचा जन्म १७५० च्या दशकात इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॲलर्टन गावाजवळ एका सामान्य कुटुंबात झाला. गणिताची गोडी त्यांना लहानपणीच लागली. १७८१ मध्ये ते तेहतिसाव्या पायदळ पलटणीत दाखल झाले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेले. यॉर्कटाउनच्या पराभवानंतर त्यांना काही काळ युद्धकैदी म्हणून राहावे लागले.

पुढे त्यांना आजच्या कॅनडातील न्यू ब्रन्सविक भागात जमिनीच्या मोजणीचे आणि छावणीच्या व्यवस्थेचे काम मिळाले. त्या शांत, आडबाजूच्या नोकरीत त्यांनी बारा-तेरा वर्षे काढली. सोबतचे अधिकारी बढत्या मिळवत असताना लॅम्बटन गणित आणि खगोलशास्त्राच्या ग्रंथांत बुडून गेले होते. तेथे सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढील सर्व निरीक्षणे त्यांनी एका डोळ्याने केली.

चाळिशी उलटल्यानंतर, अठराव्या शतकाच्या अखेरीस ते भारतात आले. त्यांच्या पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली. पुढे १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारे सेनापती म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांचे नाव येते. या तरुण सेनापतीची मर्जी लॅम्बटन यांच्यासाठी मोलाची ठरली.

श्रीरंगपट्टणची रात्र

१७९९ मध्ये इंग्रजांनी टिपू सुलतानाच्या राजधानीला वेढा घातला. एप्रिल महिन्यातील एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटन यांनी आकाशाकडे पाहिले. ताऱ्यांच्या स्थितीवरून तुकडी ठरल्या दिशेच्या उलट, थेट शत्रूच्या तळाकडे जात असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. सेनापतींना प्रथम ते पटेना. होकायंत्राने ताऱ्यांचीच साक्ष खरी ठरवली आणि तुकडी माघारी वळली.

४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान मारला गेला आणि म्हैसूरचा विस्तीर्ण मुलूख इंग्रजांच्या प्रभावाखाली आला. या मुलखाची पाहणी करण्यासाठी कंपनी सरकारने निरनिराळे अधिकारी नेमले. कॉलिन मॅकेन्झी यांच्याकडे नकाशांचे काम आले, तर फ्रान्सिस बुकानन यांच्याकडे शेती आणि लोकजीवनाची पाहणी. याच सुमारास लॅम्बटन यांनी आपली योजना पुढे केली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे विणून द्वीपकल्पातील ठिकाणे अचूक निश्चित करायची, असे तिचे स्वरूप होते. त्यासोबतच दक्षिणोत्तर रेषेवर पृथ्वीचा चाप मोजण्याचा हेतूही त्यांनी मांडला होता. कंपनीला नकाशे हवे होते आणि लॅम्बटन यांना पृथ्वीचा आकार. वेलस्ली यांच्या शिफारशीने मद्रास सरकारची मंजुरी मिळाली.

या खर्चाला विरोध करणारेही होते. मद्रासच्या अर्थ समितीतील एका सदस्याची हरकत पुढे बराच काळ सांगितली जाई. श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना तसे सांगितले की पुरे, त्यासाठी त्रिकोणांची गरज काय, असा तिचा आशय होता. नकाशाकार जेम्स रेनेल यांनाही हा खटाटोप अनावश्यक वाटला. इंग्लंडचे राजखगोलवेत्ते नेव्हिल मॅस्केलिन यांनी मात्र लॅम्बटन यांची बाजू उचलून धरली.

बेंगळुरूजवळची पहिली रेषा

त्रिकोणीकरणाची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन माहीत असतील, तर उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्यातील प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. पहिली रेषा मात्र प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते. तिच्यात चूक राहिली, तर ती शेकडो मैल पुढे सरकत जाते.

१८०० च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बेंगळुरूजवळच्या सपाट माळावर लॅम्बटन यांनी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजली. त्यासाठी शंभर फूट लांबीची पोलादी साखळी वापरली गेली. या साखळीची कथाही विलक्षण आहे. इंग्लंडच्या शिष्टमंडळाने ती चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेली होती. तेथे ती स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत ती कलकत्त्यात आली. लॅम्बटन यांच्यासाठी ती तेथून मिळवण्यात आली.

पोलाद उन्हाने प्रसरण पावते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांमध्ये, तिवयांच्या आधाराने समतल ठेवली जाई. तिच्यावर सावली धरली जाई आणि पेट्यांमधील उष्णतामापकांची नोंद घेतली जाई. एक माप पूर्ण झाले की सारा पसारा शंभर फूट पुढे सरकवायचा, असे सुमारे दोन महिने चालले.

तरीही लॅम्बटन यांचे समाधान झाले नव्हते. इंग्लंडहून आणखी चांगली साधने यायची होती. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवलेला सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट. तो घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. पेटीत काय आहे हे कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते शास्त्रीय उपकरण सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रे युद्धात गुंतलेली असताना पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न मात्र दोघांनीही आपला मानला.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे नव्या पायारेषेची मोजणी सुरू झाली. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो आरंभदिन मानला जातो आणि १० एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो. तेथून त्रिकोणांची साखळी पश्चिमेकडे निघाली. १८०४ मध्ये ती बेंगळुरूला पोहोचल्यावर लॅम्बटन यांचे सहकारी जॉन वॉरन यांनी तेथे पुन्हा पायारेषा मोजली. मद्रासपासून गणिताने काढलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी तफावत आढळली. मधले अंतर दीडशे मैलांहून अधिक होते. बेंगळुरूच्या या पडताळणीने साऱ्या पद्धतीवर विश्वासाची मोहोर उमटवली. हे जाळे मंगळूरच्या किनाऱ्याला भिडले, तेव्हा द्वीपकल्पाची रुंदी सुमारे ३६० मैल भरली. जुन्या नकाशांनी ती जवळजवळ चाळीस मैलांनी जास्त दाखवली होती.

रात्रीचे काम

बेंगळुरूतील दोड्डगुंटा हे ठाणे लॅम्बटन यांच्या खगोलीय कामाचे महत्त्वाचे केंद्र होते. या परिसरातून जाणाऱ्या रेखावृत्ताच्या अनुरोधाने दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत आणि उत्तरेला जमेल तितके दूर जाण्याचा त्यांचा बेत होता. दिवसा मोजलेले त्रिकोण दोन ठिकाणांमधील अंतर सांगत. त्या अंतरात अक्षांशाचे किती अंश मावतात, हे मात्र केवळ तारेच सांगू शकत होते.

त्यासाठी झेनिथ सेक्टर नावाचे यंत्र वापरले जाई. बरोबर डोक्यावरून जाणारे तारे ओळंब्याच्या रेषेपासून किती दूर आहेत, हे त्यावर वाचता येई. एकच तारा रात्रीमागून रात्री पाहायचा, हवेमुळे होणाऱ्या वक्रीभवनाचा हिशेब करायचा आणि अनेक ताऱ्यांची सरासरी काढायची, असा हा क्रम होता. अक्षांशात एका विकलेची चूक झाली, तर जमिनीवर सुमारे ३१ मीटरचा फरक पडतो. म्हणूनच एका ठाण्यावर कित्येक रात्री मुक्काम पडे आणि ढग आले की वाट पाहण्यावाचून इलाज नसे.

या निरीक्षणांत एक विसंगतीही पुढे आली. काही ठाण्यांवर ताऱ्यांवरून काढलेला अक्षांश आणि त्रिकोणांवरून अपेक्षित असलेला अक्षांश जुळेनात. ओळंबा सरळ खाली न लोंबता किंचित कलत असावा आणि जमिनीखालील जड खनिजांचे आकर्षण हे त्याचे कारण असावे, असा तर्क लॅम्बटन यांनी केला. पुढील काळात हिमालयाच्या परिसरातील अशाच विसंगतींमधून पृथ्वीच्या कवचाविषयीचे महत्त्वाचे सिद्धांत जन्माला आले.

लॅम्बटन यांच्या हाताखाली काम केलेले हेन्री केटर प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडला परतले. तेथे १८१७ च्या सुमारास त्यांनी गुरुत्वाकर्षण अचूक मोजणारा लंबक तयार केला. केएनच्या मागे पडणाऱ्या घड्याळापासून निघालेला धागा अशा रीतीने पुन्हा लंबकापाशी पोहोचला.

तंजावरचा अपघात

सपाट मुलखात दूरवर पाहण्यासाठी उंच जागा मिळत नसे. तेथे देवळांची शिखरे आणि गोपुरे उपयोगी पडत. १८०८ मध्ये तंजावरला अवजड थिओडोलाइट बृहदीश्वराच्या मंदिरावर चढवण्याचे ठरले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे भोसले होते. यंत्र वर नेत असताना दोर तुटला आणि ते दगडी भिंतीवर आदळले. कोन वाचायचे वर्तुळाकार चक्र वाकडे झाले.

नवे यंत्र इंग्लंडहून यायला वर्षे लागली असती. लॅम्बटन यांनी स्वतःला तंबूत कोंडून घेतले. मोजक्या कारागिरांच्या मदतीने सुमारे सहा आठवडे ते वाकलेले चक्र खुंट्या आणि स्क्रूंच्या साह्याने तसूतसूने ओढून पूर्ववत करीत राहिले. हेच यंत्र पुढे अनेक वर्षे वापरात राहिले.

या मोहिमेत शेकडो भारतीय माणसे राबत होती. साखळी धरणारे, निशाणे घेऊन टेकड्यांवर उभे राहणारे, अर्ध्या टनाचे यंत्र उचलून नेणारे खलाशी आणि त्यांच्यासोबतचे शिपाई यांची नावे अहवालांत क्वचितच आली. जंगली मुलखातील तापाने अनेकांचे बळी घेतले. गावोगावी लोकांच्या मनात या दुर्बिणींविषयी संशय असे आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. जमीन मोजली गेली की तिच्यावरील सत्तेची पकडही घट्ट होते, हे त्या काळातील रयतेला चांगले ठाऊक होते.

उत्तरेची वाट

कन्याकुमारीपर्यंतचे काम झाल्यावर चाप उत्तरेला वळला आणि १८१५ पर्यंत बीदरच्या परिसरात पोहोचला. जवळजवळ दहा अंशांचा हा चाप विषुववृत्ताच्या इतक्या जवळ मोजला गेलेला तोपर्यंतचा सर्वांत लांब चाप होता. त्यावरून आणि युरोपातील मोजण्यांशी तुलना करून लॅम्बटन यांनी पृथ्वीच्या चपटेपणाचे गणित मांडले. युरोपातील शास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली. फ्रेंच अकादमीने त्यांना पत्रव्यवहारी सदस्यत्व दिले आणि १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनेही सदस्य करून घेतले.

१८१८ हे वर्ष महाराष्ट्रात पेशवाईच्या अस्ताचे म्हणून लक्षात राहिले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी लॅम्बटन यांचे सर्वेक्षण थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले आणि त्याला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. वर्षअखेरीस तरुण जॉर्ज एव्हरेस्ट साहाय्यक म्हणून हैदराबादला रुजू झाले. लॅम्बटन तेव्हा साठी ओलांडलेले होते, पण निवृत्तीचा विचार त्यांच्या मनात नव्हता. दिल्ली आणि हिमालय ही नावे अजून त्यांच्या योजनेत होती.

१८२३ च्या आरंभी सर्वेक्षणाचा मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवण्यासाठी ते निघाले. फुप्फुसांच्या विकाराने त्यांना आधीच ग्रासले होते. नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांना तेथेच दफन करण्यात आले. तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा प्रदेश त्यांच्या त्रिकोणांनी व्यापला होता.

कार्याचा वारसा

एव्हरेस्ट यांनी चाप पुढे नेला. गुरूच्या कामातील काही त्रुटी त्यांना दिसल्या, तसे काही भाग त्यांनी अधिक चांगल्या साधनांनी पुन्हा मोजून घेतले. १८४१ मध्ये हा महाचाप हिमालयाच्या पायथ्याशी, मसुरीच्या परिसरात पूर्ण झाला. कन्याकुमारीपासून त्याची लांबी सुमारे २४०० किलोमीटर आहे. याच जाळ्याच्या आधाराने हिमालयाच्या शिखरांची उंची निश्चित झाली.

एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मूल्ये सिद्ध केली, त्यांत पृथ्वीचा चपटेपणा सुमारे ३०१ भागांत एक भाग इतका होता. आधुनिक मूल्य सुमारे २९८ भागांत एक भाग असे आहे. विषुववृत्तावरील व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त असल्याचे आज निश्चितपणे सांगता येते. साखळी, ओळंबा आणि दुर्बीण एवढ्याच साधनांनिशी केलेले हे काम सत्याच्या किती जवळ गेले होते, हे या आकड्यांवरून दिसते. भारताचे नकाशे दीर्घकाळ एव्हरेस्ट यांच्याच मूल्यांवर आधारलेले होते.

पृथ्वीचे परिवलन आजही मोजले जाते. उपग्रहांच्या साह्याने ठिकाण सांगणाऱ्या यंत्रणांना पृथ्वी नेमकी किती फिरली आहे आणि तिचा अक्ष कोठे आहे, हे सतत माहीत असावे लागते. त्यासाठी जगभर कायमस्वरूपी ठाणी उभारली गेली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आणि हैदराबादमधील ठाणीही या आंतरराष्ट्रीय जाळ्यात सामील झाली. ही दोन्ही शहरे लॅम्बटन यांच्या चापाच्या वाटेवरची आहेत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे बेंगळुरू शहर ताशी सुमारे १६३० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. त्या वेगाने पृथ्वीला दिलेला फुगवटा लॅम्बटन यांनी शंभर फुटांच्या साखळीने मोजायला घेतला. तेवीस वर्षांनी त्यांचा हात थांबला, तेव्हा पुढची रेषा कोठून सुरू करायची, हे त्यांच्या नोंदवह्यांत लिहिलेले होते.